हवा

उसन्याच्या मिलमागचा नाला
तीन वर्षांपूर्वीपर्यंत ताकासारखा पांढरट,
शिळ्या पेजेचा वास आमगावच्या फाट्यापर्यंत.
शाळेत जाताना मी ओढणी नाकाला लावायची.
आता तेच पाणी माझ्या नावावर आहे:
टाकी दोन, रात्रपाळी, लोकेश्वरी रहांगडाले.

पहिल्या टाकीत ते आंबतं. दुसरीत जिवाणू.
त्यांचं असं आहे की
आंबट हवं तेवढं खाऊ घालायचं, नायट्रोजन मात्र तोडायचा,
मग ते वाढत नाहीत.
साठवतात.
एकेकाच्या पोटात चकचकीत कणी.
हिरदीलाल काका, ज्यांची तीस वर्षं बॉयलरपुढं गेली,
त्यांनी एकदा भिंगातून पाहिलं,
"हे त कनकीच हाय वो बाई. पर चाळता कशी?"

चाळत नाही, काका. फोडतो त्यांना.

मग काका बराच वेळ
कोरड्या फडक्यानं कोरडीच काच पुसत राहिले.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात
पावणेतीनला लाइन गेली.
जनरेटर दोनदा खोकला आणि बसला.
फिरकी थांबली, बुडबुडे थांबले,
ऑक्सिजनचा आकडा
चार,
अडीच,
एक.
दहा दिवसांची तुकडी.
नागपूरच्या सरांचा फोन बंद.

काका सायकलवर गेले ते शेख मुनाफला उठवूनच आले.
फाट्यावरचा पंक्चरवाला, अंगात बनियन,
मागं छोट्या हत्तीत डिझेलचा कम्प्रेसर.
"कोनत्या गाडीत भरू?"
मी टाकी दाखवली.
"यात कोन हाय?"
"आहेत. मोजता येत नाहीत इतके."
तो हसला नाही.
आमच्या गाळणीच्या तोंडाला त्यानं नळी बसवली,
वरून जुन्या ट्यूबची पट्टी करकचून,
आणि पोलादाला कान लावला,
घमेल्यातल्या पाण्याशिवाय बारीक पंक्चर ऐकतो, तसा.
"घेऊन राह्यले," म्हणाला.

पाच वीसला लाइन आली.
तोवर आम्ही तिघं
टाकीला पाठ टेकून बसलो होतो. ती कोमट होती.

त्या तुकडीची पावडर निघाली सव्वा किलो.
पिठीसारखी पांढरी, पण बोटाला धरत नाही.
नागपूरला तिच्या पिशव्या करून बघणार आहेत,
रोपवाटिकेसाठी.
रोपासकट मातीत पुरायची,
मग ह्यांच्याच भावकीतले कुणी
तिथं वाट पाहत असतात, ते खातात.

मुनाफ बघायला आला. चिमूट उचलली, हुंगली.
"वासच नाही याले."
नाही.
नाल्याचा तो वास कुठल्या टप्प्यावर जातो
मला अजून नीट सांगता येत नाही.

डिझेलचे त्यानं दोनशे घेतले.
हवेचे वीस वेगळे, ट्रॅक्टरचा दर.
रजिस्टरात रकाने आहेत तापमान, आम्लता, फेस, शेरा.
मी शेऱ्यात लिहिलं: हवा, रु. २०.
हिशेबनिसांनी त्याभोवती लाल गोल काढलाय,
पुढं प्रश्नचिन्ह.