चुना

तळं इतकं नितळ, की ऑल्गोटला
तीन पुरुष खाली पडलेला चमचा दिसतो,
सिग्नेच्या हातून निसटलेला, लग्नाच्या वर्षी.
तेव्हा किती शोधला होता.

उन्हाळ्यात शहरातली माणसं येतात.
काय स्वच्छ पाणी, म्हणतात.
तो कोरडं जाळं उगाच झटकतो.

शेवटचा पर्च हातभर लांब होता.
शेजाऱ्यांनी पाठ थोपटली.
त्याला तेवढ्यात कळलं:
लहान कुणी उरलेलंच नाही.

धूर इथला नव्हे.
समुद्रापलीकडे कुणी धुराडी उंच केली,
आपल्या गावावर काजळी नको म्हणून.

नात न्हाऊन आली,
सोनेरी केसांवर शेवाळी झाक.
विहिरीचं पाणी तांब्याचे नळ चाटून येतं आता.
पोर हसली. आरशापाशी गेली.

ऑक्टोबरात तो होडीतून चुना ओततो,
पोत्यामागून पोतं.
मी सांगितलं, आमच्यात चुना लावणं म्हणजे फसवणं.
फावडं थांबलं. भुवया पांढऱ्या.
"मग बरोबरच करतोय," म्हणाला,
"फसू दे बिचारं,
वाटू दे, सगळं पूर्वीसारखं आहे."

पाणी दुधाळलं.
चमचा दिसेना.