चार पूर्णांक दोन

कुपवाडच्या शेडमध्ये दुपारी तीनला
पत्र्याखाली हळद तरंगत असते.
पाऊच भरायच्या मशीनवर, माझ्या पापण्यांवर,
नव्या अँप्लिफायरच्या न फाडलेल्या पिशवीवरही
पिवळी साय.

जुना गेल्या गुरुवारी गेला, मोटारीला घेऊन.
भूपाल म्हणाला, मी काहीच केलं नाही, मॅडम.
मोटार उघडली तर वॉर्निश करपलेलं,
ब्रश झिजून नखाएवढे,
आणि वास असा, की फोडणी टाकून
कुणी गॅसजवळून उठून गेलंय.
करंट लिमिटचा पॉट उजवीकडे, अगदी शेवटाला.
पॉट आपोआप फिरत नाही, भूपाल.
तो पंख्याकडे बघत राहिला.

आज मोटार भरून आली.
दस्तगीर मास्तर स्वतःच घेऊन आले मिरजेहून,
सिटी बसमध्ये, मांडीवर, गोणपाटात.

आधी वायरिंग.
शील्डची जाळी एकाच टोकाला अर्थला,
दुसरं टोक कापून, टेप मारून, अधांतरी.
दोन्हीकडे बांधली तर तीच गोंगाट गोळा करते.
हे शिकले तेव्हा मी एकोणीसची होते.
माझ्याआधी शिकलगारांच्या दुकानात मुली यायच्या
त्या दुरुस्त झालेला मिक्सर न्यायला.

टॅकोच्या दोन तारा. लाल, पांढरी.
उलट लागल्या तर थांब म्हटलेलं
मोटारीला पळ ऐकू येतं.
एकदा मी लावल्या होत्या तशा.
रोलरनं चाळीस मीटर फिल्म
श्वास घ्यायच्या आत ओकून टाकली.
मास्तरांनी लाल बटण मारलं, आणि विचारलं एवढंच,
"चा घेतलास का सकाळी?"

मग पॉट.
डावीकडे फिरवत न्यायचा, तळाला टक् होईस्तोवर.
तिथून मोजत वर यायचं.
वरून खाली कधीच नाही.
पण शेजारी चक्की सुरू, टक् मला ऐकू येईना.
मास्तरांचे तर कानच गेलेत कधीचे.
त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागून घेतला,
पातं पॉटमध्ये, मूठ दातांत,
दांडी दोन बोटांनी फिरवत डोळे मिटले,
बराच वेळ.
"आली," म्हणाले. मूठ पुसून परत दिली.

बारा फेऱ्या, बारा अँपिअर.
मोटारीच्या पाटीवर चार पूर्णांक दोन.
मी चार फेऱ्या मोजल्या, मग केसभर, मग अजून केसभर.
भूपालनं शाफ्ट पान्यात आवळून धरला,
मीटरवर दोन पूर्णांक एक व्होल्ट. त्याची दुप्पट. बस.

मगदूम शेठ दारातूनच म्हणाले,
दिवाळीच्या आत मिनिटाला ऐंशी पाऊच पायजेत.
वाडवा की जरा.
म्हटलं, शेठ, करंट म्हणजे जोर. वेग नव्हे.
असूदे, म्हणाले, तरी वाडवा.

मास्तरांना यातलं काय कळलं कोण जाणे.
पॅकिंगच्या बायकांकडे वळून विचारलं,
"नखाला लावायचं रंग हाय का कुणाकडं?"
त्रिशलानं पदराखालच्या पर्समधून बाटली काढली.
मरून.
पॉटच्या खाचेवर एक थेंब,
अर्धा स्क्रूवर, अर्धा निळ्या डबीवर.
"आता कुणी हात लावला तर तडा दिसंल."

मशीन सुरू केलं. बासष्ट पाऊच.
भूपालनं दोनदा मोजले.
थेंब वाळेपर्यंत शेठ तिथंच उभे होते,
हात मागे बांधून.
मास्तर रिकामं गोणपाट घडी घालत होते,
कडा जुळवून, काखेत मावेल इतकं लहान.