पाठकोरी पानं

होल्गिनमध्ये दुपारी दोनला वीज जाते
आणि येईल तेव्हा येते.
तोवर यानेलिस गार फरशीवर पालथी पडून
रेशनच्या जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर
आलेख काढते : सात गावं, नऊ रस्ते,
आणि एक पूल, जो एकदाच ओलांडता येतो.

आम्ही तिघं, यंत्र एक.
ज्याच्या हाती कळफलक, त्यानं विचार करायचा नाही,
तो आधीच झालेला हवा,
असं एलिएसेर सर म्हणायचे,
जे स्वतः कधी कुठे जिंकले नव्हते
आणि ते लपवायचेही नाहीत.

मला पटायचं नाही.
मी सोपी कोडी सोडवायचो, दिवसाला वीस,
हिरव्या खुणा मोजायचो
दिवेलागणीला कोंबड्या मोजाव्यात तशा.
वीसच्या वीस खुराड्यात.
आणि स्पर्धेत तिसऱ्याच प्रश्नाला गाडी रुतायची.

येतं तेच किती वेळा करशील, सर म्हणाले.
घरातल्या घरात येरझाऱ्या घालून
क्रुसाची टेकडी चढलाय का कुणी?

यानेलिसची एक वही आहे, चुकांची.
तारीख, प्रश्न आणि एकच ओळ.
'शून्य विसरले.'
'संख्या मावली नाही, डबा लहान पडला.'
'सुचलं होतं, भरवसा ठेवला नाही.'
एका पानावर नुसतंच : 'भूक लागली होती.'

स्पर्धा संपते, सगळे उठतात.
ती न सुटलेल्या प्रश्नापाशी बसून राहते,
खिबाराच्या कोळ्यांनी किनाऱ्यावर
जाळ्याची भोकं शिवत बसावं, तशी.
दुसऱ्याचं उत्तर उघडायचं ते पुरतं हरल्यावरच.
वाचलं की मिटायचं,
आणि आपल्या हातानं पुन्हा लिहायचं, अडखळत.

काल रात्री पावणेदहाला पंखा फिरला.
गल्लीभर एकच ओरडा : आली!
मी धावलो, यंत्र सुरू केलं.
ती उठली नाही.
पेन्सिल कानामागे, बोट नवव्या रस्त्यावर.
"थांब," म्हणाली, "पूल आपण दोन्हीकडून मोजतोय."

डोक्यावर लख्ख दिवा,
आणि आम्ही तिघं किती तरी वेळ
त्या पाठकोऱ्या पानाकडेच बघत.

मग तिनं कळफलक ओढला. अकरा मिनिटं.
पहिल्या फटक्यात नाही, दुसऱ्या.
वही उघडली, लिहिलं : 'शेवटी घाई केली.'
पूर्णविराम देते न देते
तोच पंखा थांबला.