गुड म्हणजे

कुडचड्यात, खनिजाच्या रस्त्याला लागून
आर्मिंदा कुलासोचं घर.
ट्रक बंद होऊन वर्षं झाली
तरी खिडकीच्या गजावर बोट फिरवलं
की तांबडं होतं.

मी वीजखात्यात मीटर वाचायचो.
कोणाकडे फ्रीज आला, कोणाचा पंप चोरून चालतो,
कोणाच्या हॉलमध्ये विणलेल्या रुमालाखाली प्लेयर आहे,
हे आकड्यांच्या आधी कळायचं.
आता निवृत्त होऊन त्याच पत्त्यांवर जातो.
कुत्री ओळखतात.

तिने टेबलावर एकवीस रेकॉर्डी मांडल्या.
मी टॉर्च काढला.
हे काम मासळी घेण्यासारखं:
कल्ला उचलून पाहायचा,
विकणारीच्या तोंडाकडे बघायचं नाही.
रेकॉर्ड दोन तळव्यांत कडेने धरायची,
तिरकी करायची, उजेड तिच्यावरून सांडू द्यायचा.
केसासारख्या रेघा चालतात.
नखाला लागली रेघ, की अर्धी किंमत गेली.
पांढरे ठिपके बुरशीचे, ते धुऊन जातात.
वाक उन्हाचा, तो जात नाही.
भोकाभोवती ओरखड्यांचं जाळं असलं
तर कोणीतरी अंधारात लावत होतं
किंवा फेणी पोटात घालून.

मी वही उघडली, तिला प्रतवारी सांगितली.
मिंट, म्हणजे जी कोणी ऐकलीच नाही.
व्हीजी प्लस, पाहुणे आल्यावर.
व्हीजी, दर रविवारी, मिसाहून आल्यावर.
आणि गुड,
गुड म्हणजे वाईट.
आर्मिंदा तेव्हा पहिल्यांदा हसली.
"मग वाईटाक कितें म्हणटात?"
वाईटाला काही म्हणत नाहीत, बाय,
वाईट घेतच नाहीत.

सगळ्यांच्या खाचांत तांबडी धूळ.
अकरावी, पंचेचाळीसची, कोंकणी कांतार.
लेबलवर निळ्या शाईत 'सालू'.
दुसऱ्या कडव्याशी आडवी रेघ.
नखाला लागली.

"तो म्हजो भाव," ती स्वयंपाकघरातून म्हणाली.
"सुईच्या माथ्यावर चार आणे दवरतालो,
तरी उडी मारतालीच."
आणि चहा ओतता ओतता गुणगुणली,
ते गाणं, मला पाठ असलेलं:
तो जेटीवर जातो,
आणि पायरीवर त्याच्या वहाणा.
मधे श्वासही नाही.
ताल अर्ध्यावर मोडून पुन्हा जोडलेला,
इतका सफाईने, जणू बांधणाऱ्यानेच तसा बांधला.

ही रेकॉर्ड माझ्याकडे आहे,
मडगावच्या एका फोटोग्राफरची, जवळजवळ मिंट.
जेटी आणि पायरी यांच्या मधे चार फेरे आहेत.
त्यात होडी आहे, फिरलेला वारा आहे,
आणि त्या वहाणा आणून ठेवणारी
दोन माणसं.

कपातली साय बाजूला करत मी म्हटलं,
साफ कॉपी आहे माझ्याकडे,
हवी तर आणून देतो.
तिने ती पंचेचाळीसची माझ्या हातातून घेतली,
पदर नव्हता म्हणून एप्रनला पुसली
(गोल पुसायची असते, मी बोललो नाही)
आणि म्हणाली,
"कित्याक? ही बरी आसा."

वीस घेतल्या. चौदाशे म्हटलं मी,
ती सतराशे म्हणाली, सोळाशेला तुटलं,
वर पिशवी तिची, ती परत करायच्या बोलीवर.

घरी परात मांडली.
बॅटरीचं पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब,
मऊ ब्रश खाचेच्या वळणाने.
तिसऱ्या रेकॉर्डला परातीत
आमच्या विहिरीच्या तळासारखं पाणी.
ते झाडांना घालायचं की ओतायचं, मला ठरवता येईना.
परात तशीच राहिली.

रात्री माझी साफवाली लावली.
पहिलं कडवं. बाजा. तो जेटीपर्यंत आला
आणि माझा हात सुईखाली गेला.
तीस वर्षं आकडे वाचलेला हात,
चार फेरे नेमके मोजेल असं वाटलं होतं.
सुई घसरली,
खर्रकन,
थेट शेवटच्या बाजापर्यंत.

टॉर्च आणला.
रेकॉर्ड तिरकी केली, नख फिरवलं.
नखाला लागत नाही.
अजून तरी.