रेघेपर्यंत

ब्राह्मणवेलच्या पठारावर मी पवनचक्क्यांना वंगण घालतो.
कंपनीनं गिअरबॉक्स शिकायला बारा दिवस जर्मनीला धाडलं
आणि शेवटच्या रविवारी म्युनिकला,
बिअरच्या जत्रेत.

जत्राच म्हणतो मी. दुसरा शब्द कुठून आणू?
पाळणे होते, खमंग बदाम होते,
चामड्याच्या चड्ड्या घातलेले म्हातारे
बाकांवर चढून गात होते.
तंबू एवढा, की आमचा अख्खा पाडा
गुरांसकट आत मावला असता
आणि वर ढोल घुमवायला जागा उरली असती.

एक बाई दहा पेले मोळीसारखे कवटाळून आली,
एक माझ्या पुढ्यात आदळला.
मी सवयीनं बोट बुडवलं,
चार थेंब खाली सोडले.
आधी जमिनीला, मग पितरांना, मग आपण.
खाली जमीन नव्हती, फळ्या होत्या.
शेजारच्या म्हाताऱ्यानं पाहिलं,
काही विचारलं नाही.
पाय तेवढा मागे घेतला.

मग त्यानं स्वतःचा पेला उजेडात धरला.
काचेवर एक बारीक रेघ,
फेस रेघेच्या वर, बिअर रेघेच्या खाली.
त्यानं बाईला हाक मारली, रेघेवर नख ठेवलं,
आणि ती मुकाट्यानं भरून घेऊन आली.
एवढ्या गोंगाटात, एवढ्याशा कमीसाठी.

आमची अंके सांगत होती,
पहिल्या दिवशी महापौर स्वतः
लाकडी हातोडीनं पिंपाला तोटी ठोकतो,
किती घाव लागले ते लोक मोजतात.
मोजतात आमच्याकडेही.
होळीच्या तोंडावर जमादार आला तेव्हा
याहाची मोहाची तीन मडकी,
तीन घाव.
हे मी अंकेला सांगितलं नाही.
इंग्रजी तेवढं नाही माझं,
असं मी मला सांगितलं.

पेला विकत घेतला. पावती खिशात ठेवली,
धडगावच्या एसटीत बसेपर्यंत.

याहानं पेला उन्हात फिरवला, हुंगला.
"एवढ्या लांबून रिकामाच आणलास?"
मी रेघ दाखवली. म्हाताऱ्याचं सांगितलं.
ती हसली नाही. पुन्हा सांग म्हणाली.

बाजाराच्या दिवशी मोतीशेठच्या दुकानात
त्यानं मापानं लिटरभर गोडेतेल ओतलं,
बाटलीत नाही, तिनं पुढे केलेल्या पेल्यात.
तेलाला फेस नसतो.
ते दोन बोटं खालीच थांबलं.
शेठ म्हणाला, परदेशी लिटर मोठा असतो, बाई.
मागे बिजलीबाई, पिछोडच्या दोघी जावा,
सगळ्यांच्या हातात रिकाम्या बाटल्या,
सगळ्यांचे डोळे काचेवर.
याहानं रेघेवर बोट ठेवलं,
लाकडं फोडून नख तुटलेलं तेच बोट.
"भर."

आता पेला आमच्या घरी नसतो.
परवा खर्ड्याच्या वहिनीकडे होता,
काल नदीपल्याड गेला म्हणतात,
कान जरासा उडालाय, रेघ शाबूत आहे.
मी विचारलं, परत मागू का?
याहा मोहाखालची जागा झाडत होती.
फुलं पडायला लागली की आण म्हणाली,
तोवर फिरू दे.