कानामागे

केनेमाच्या बंद पडलेल्या शाळेत
सिस्टर टेन्ने आमच्या हातमोज्यांना
लाल पामतेल फासते.
"हाच रोग समजा. आता उतरवा सगळं. सावकाश."

आधी हात, मग एप्रन, मग पुन्हा हात,
नाकात क्लोरीन ठाण मांडून.
ॲम्ब्युलन्सवाला बोकारी हसतो:
"नवरदेवालासुद्धा एवढा वेळ लागत नाही!"

वीस मिनिटांनी ती त्याला आरशापुढे उभं करते.
हात कोरे. तोंड कोरं.
उजव्या कानामागे
तेलाचं एक बोट.

"विचार करताना खाजवतो मी तिथं,"
तो पुटपुटतो.

टेन्ने त्या डागाकडे बघत राहते.
"माझ्या पाळीत जेनेबा होती.
तिलाही हीच खोड."

मग नवा एप्रन
त्याच्या हातात ठेवते.
या वेळी कुणीच हसत नाही.