निवटी

हसुराम म्हात्रे. नावात हसू,
बाकी माणूस मिठागरासारखा कोरडा.
दर बुधवारी कळव्याचा पूल ओलांडून सायकलवर यायचा,
कॅरिअरला गुंडाळी, वर प्लास्टिक.
जांभळी नाक्यामागच्या आमच्या प्रेसात
माझ्या टेबलावर चित्र टाकून म्हणायचा,
"जाळ."

मी ब्लॉकवाला. जस्ताचा पत्रा, नायट्रिक ॲसिड.
त्याची रेघ तेवढी ठेवायची, बाकीचं ॲसिडला चारायचं.
ब्लॉकवर चित्र उलटं असतं,
म्हणून ठाण्याला जे नगराध्यक्ष
उजव्या हातानं फीत कापताना दिसले
ते मला एकोणीस वर्षं डावखुरेच भेटले.

सही करायचा नाही.
कोपऱ्यात एक निवटी काढायचा,
खाडीच्या चिखलातली, डोळे वटारलेली,
धड पाण्यातली नाही, धड जमिनीवरची नाही.
"ही काय बघते रे?"
"भरती कधी, ते."

नगराध्यक्षांचे पाय इवलेसे असायचे,
खुर्चीवरून लोंबणारे, जमिनीला न टेकणारे.
साहेब आधी भडकले. मग एका दिवाळीत
फराळाच्या डब्यासोबत माणूस धाडून
मूळ चित्रच मागितलं, दिवाणखान्यात लावायला.
त्या दिवशी हसुराम जेवला नाही.
"चावलंच नाही म्हणजे," एवढंच बोलला.

आणीबाणीत त्यानं चौकट कोरी पाठवली.
कोपऱ्यात फक्त ती.
तपासनीस बराच वेळ कागद फिरवत राहिला,
म्हणाला, यात आक्षेपार्ह काय ते सापडत नाही,
तेव्हा छापू नका.
ब्लॉक मी आधीच केला होता.

पुढं ऑफसेट आलं, मालकांनी जागा विकली.
हसुरामनं हळदीचे पडदे रंगवले,
ट्रकच्या पाठीवर गरुड, रिक्षांवर एकवीरा आई,
घणसोलीत दातांच्या डॉक्टरच्या पाटीवर एक दाढ.
त्या दाढेलाही, नीट बघितलं तर, इवलेसे पाय.

गेला तेव्हा चौकात फलक लागला:
'हसमुखराम म्हात्रे यांना भावपूर्ण श्रद्धांजली'.
खाली सतरा जणांचे फोटो, त्याचा नाही.
त्याला आवडलं असतं हे.
किंवा नसतंही. मला तो उलटाच ठाऊक.

परवा नात शाईचं पॅड घेऊन बसली होती.
तिला तो ब्लॉक दिला.
वहीत उमटली रिकामी चौकट, आणि कोपऱ्यात—
"आजोबा, हा बेडूक कुणाकडे बघतोय?"
निवटी आहे ती, म्हटलं.
"म्हणजे?"
अठराव्या मजल्यावरच्या खिडकीशी तिला घेऊन उभा राहिलो
आणि समजावू लागलो,
आधी चिखल म्हणजे काय, तिथपासून.